कुलपाचा चाळिसावा आकडा

१

कुलूप तुटलेलं नव्हतं, हीच सगळ्यात संताप आणणारी गोष्ट होती. तुटलं असतं तर चोर बाहेरचा ठरला असता आणि सगळे आपापल्या वर्गावर गेले असते. पण शाळेच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटाच्या कडीला ते कुलूप उघडं, धडधाकट लोंबत होतं, आणि आतून एकच वस्तू गेली होती. दहावीच्या अंतर्गत गुणांची फाईल. तपासणी अधिकारी दुपारी दोन वाजता तीच बघायला येणार होते.

"मी हात लावलेला नाही," भाऊसाहेब म्हणाले. ते शाळेचे लिपिक. मुलीला मुलगी झाली म्हणून तीन दिवस रजेवर होते आणि आज पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. पुडा टेबलावर तसाच बांधलेला पडला होता. "दार उघडलं, दिवा लावला, आणि हे बघितलं. लगेच तुम्हाला हाक मारली."

बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. त्या उपमुख्याध्यापिका होत्या, एकतीस वर्षं गणित शिकवत होत्या आणि दोन महिन्यांनी निवृत्त व्हायच्या होत्या. मुलं त्यांना पाठीमागे 'वजा-एक बाई' म्हणत, कारण श्रेढीच्या सूत्रात 'एन वजा एक'च्या जागी नुसतं 'एन' लिहिणाऱ्यांशी त्यांचं जन्माचं वैर होतं.

"साठ मुलांचं भवितव्य आहे त्या फाईलमध्ये," दारातून आवाज आला. मुख्याध्यापक आले होते. सगळे त्यांना हेडसर म्हणत.

"एकसष्ट," बाई म्हणाल्या.

"तेच ते." हेडसरांनी कुलपाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बाई, ही आकड्यांच्या कुलपाची कल्पना तुमची. आणि कुठल्याही दिवसाचा आकडा, कुणाला न विचारता, नुसता मनात काढू शकणारी व्यक्ती या शाळेत एकच आहे. दोन वाजेपर्यंत फाईल मिळाली नाही, तर ती तुमच्या ताब्यात असताना गहाळ झाली, असं लिहून तुम्ही सही करायची."

२

किल्ल्या हरवण्याला कंटाळून बाईंनीच सत्राच्या सुरुवातीला हे कुलूप आणायला लावलं होतं. तीन चकत्यांचं, हवा तेव्हा आकडा बदलता येणारं. नियम सोपा होता. सत्राच्या पहिल्या दिवशी एकशे पंधरा. मग शाळेच्या कामाच्या प्रत्येक दिवशी सकाळी कालच्या आकड्याने उघडायचं आणि सात वाढवून नवा आकडा लावायचा. एकशे पंधरा, एकशे बावीस, एकशे एकोणतीस, असं. नियम फक्त तिघांना ठाऊक: बाई, हेडसर आणि भाऊसाहेब.

त्यावरूनही पहिल्याच बैठकीत वाद झाला होता. बाईंचं म्हणणं, कुणालाही कालचा आकडा विचारायची गरज नाही. आज कितवा दिवस ते मोजा, त्यातून एक वजा करा, साताने गुणा, एकशे पंधरा मिळवा, झालं. भाऊसाहेबांचं म्हणणं, "तुमचं सूत्र तुम्हाला लखलाभ. मला काल काय होतं ते माहीत असलं की पुरे. कालच्यात सात मिळवले की आज." दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात हे बाईंनी फळ्यावर दाखवलं होतं. हेडसर तेव्हा जांभया देत होते.

आणि आता हेच सूत्र त्यांच्या गळ्यात धोंड होऊन लटकलं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर सेवापुस्तकात लाल शेरा. बाईंना रडू येत नव्हतं. त्यांना चीड येत होती, आणि ती नेमकी कुणावर काढायची ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ती हजेरीपटावर काढली. खाडकन उघडला.

कामाचे दिवस मोजले. आज एक्केचाळिसावा. कुलपाचा आकडा अजून बदललेला नव्हता, म्हणजे त्यावर कालचा, चाळिसाव्या दिवसाचा आकडा असायला हवा. एकोणचाळीस साते दोनशे त्र्याहत्तर. अधिक एकशे पंधरा. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि कुलपाच्या चकत्या पाहिल्या. पुन्हा पाहिल्या.

"भाऊसाहेब, इकडे या. हा आकडा वाचा."

"तीनशे अठ्ठ्याहत्तर."

"याच आकड्यावर उघडलंय ना? कडी दाबा, बंद करा, परत ओढा."

भाऊसाहेबांनी कुलूप बंद केलं आणि ओढलं. तीनशे अठ्ठ्याहत्तरवर ते निमूट उघडलं. बाईंनी ते परत बंद केलं आणि चकत्या फिरवून तीनशे अठ्ठ्याऐंशी लावले. कुलूप जागचं हललं नाही.

"दहा कमी," भाऊसाहेब म्हणाले. "तुमचं सूत्र चुकलं की काय?"

३

सूत्र चुकलं, हे वाक्य बाईंना चोरीच्या आळापेक्षा जास्त झोंबलं. त्यांनी भाऊसाहेबांना खुर्चीवर बसवलं.

"रजेवर जायच्या दिवशी तुम्ही कुठला आकडा लावलात?"

"तीनशे सदुसष्ट."

"नक्की? कुठे हिशोबात चूक? घाईत, बाळंतपणाच्या गडबडीत?"

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "बाई, सव्वीस वर्षं कॅटलॉग लिहितोय. खाडाखोड दाखवा एक."

बाईंनी पडताळलं. तो दिवस सदतिसावा. छत्तीस साते दोनशे बावन्न, अधिक एकशे पंधरा, तीनशे सदुसष्ट. चोख. म्हणजे भाऊसाहेबांच्या हातून चूक झालेली नव्हती. जे काही बिघडलं ते त्यानंतरच्या तीन दिवसांत.

"जाताना कुणाला सांगितलंत?"

"कुणालाही नाही. नियमाप्रमाणे हेडसरांना बंद पाकीट दिलं. आत चिठ्ठी. आजचा आकडा तीनशे सदुसष्ट, रोज सात मिळवणे, एवढंच. आणि संध्याकाळच्या गाडीने गेलो. परवापर्यंत तर मी दवाखान्याच्या बाकावर झोपत होतो, हवं तर जावयाला फोन लावा."

"नको. पेढा द्या एक, सकाळपासून पोटात काही नाही."

पेढा तोंडात असतानाच शिपाई दारात आला आणि अवघडून म्हणाला, "बाई, सांगू का नको असं झालंय. काल शाळा सुटल्यावर, साडेपाचच्या सुमाराला, मी चित्रकलेच्या बाईंना या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं. हातात काहीतरी लपवलेलं होतं."

बाईंनी डोळे मिटले. चित्रकलेच्या बाई म्हणजे त्यांची सख्खी धाकटी जाऊ.

४

जाऊ तिच्या खोलीत मुलांच्या कागदांवर क्लिपा लावत होती. शाळेत ती बाईंना 'मॅडम' म्हणायची आणि घरी 'ताई', आणि अडचणीत असली की दोन्हीचा गोंधळ करायची.

"काल साडेपाचला कार्यालयात कशाला गेली होतीस?"

"मी? नाही हो मॅडम. म्हणजे गेले होते. सहज."

"सहज कुणी कार्यालयात जातं का? काल घरी यायला उशीर झाला तेव्हा तू मला बसचं कारण सांगितलंस. सासूबाईंनाही तेच सांगितलंस. काय लपवलं होतंस हातात?"

जाऊने आणखी एक क्लिप उचलली. तिला बोलतं करायला घरीही अर्धा तास लागायचा, पण इथे अर्धा तास नव्हता.

"हे बघ, फाईल गेलीय आणि माझ्यावर आळ आहे. मी दोनला सही केली की संपलं. आणि शिपाई तुझं नाव घेतोय. दोघी जावा मिळून चोर, असं होईल. बोल."

"ताई, मी त्यांना शब्द दिला होता," ती कुजबुजली. "हेडसरांना. तीन दिवसांपूर्वी ते इथे आले आणि पांढऱ्या रंगाची ट्यूब मागून नेली, आणि सगळ्यात बारीक ब्रश. फलकावरचं अक्षर सुधारायचंय म्हणाले. कुणाला सांगू नका, सरकारी सामान वापरतोय असं लोक म्हणतील, असंही म्हणाले. काल मला ट्यूब हवी होती. केबिन बंद होती, म्हणून कार्यालयात बघायला गेले. तिथे कुणी नव्हतं. टेबलावर ट्यूब आणि ब्रश होते, ते पदराआड घेतले आणि निघाले. शिपाई बघत होता म्हणून."

"कपाट उघडं होतं?"

"ते नाही हो बघितलं. मी ट्यूब बघितली. झाकण न लावता ठेवली होती, अर्धी वाळली."

बाईंना कपाळाला हात लावावासा वाटला. चोरीच्या खोलीत उभी राहून या बाईने फक्त ट्यूबचं झाकण पाहिलं होतं. पण त्यांचा हात कपाळापर्यंत पोचला नाही.

"फलक कुठला?" त्यांनी विचारलं. "शाळेचा फलक तर निळ्यावर पिवळा आहे."

५

परत जाताना त्या सूचनाफलकापाशी थांबल्या. तपासणीची सूचना हेडसरांनी स्वतःच्या हाताने लिहून लावली होती. दहावीची पटसंख्या: मुले चौतीस, मुली सत्तावीस, एकूण एक्कावन्न.

सकाळी येताना त्यांनी हे वाचलं होतं आणि 'काय ही बेरीज' म्हणून पुढे गेल्या होत्या. चार आणि सात अकरा, एकावर एक, हातचा एक. तो हातचा वर घ्यायचाच राहिला होता.

त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि तळहातावर आकडे लिहिले, जे केल्याबद्दल त्या मुलांना वर्गाबाहेर उभं करत. तीनशे सदुसष्ट. त्यात सात, तीनशे चौऱ्याहत्तर. त्यात सात.

तिथे त्यांचं पेन थांबलं. मग त्या इतक्या झपाझप चालत केबिनकडे गेल्या की दोन वर्ग खिडकीतून बघायला लागले. वाटेत त्यांनी भाऊसाहेबांना नुसतं बोटाने 'चला' म्हटलं.

६

हेडसरांच्या टेबलावर सहीसाठी कागद टाईप होऊन तयार होता. "बसा बाई. एवढं मनाला लावून घेऊ नका. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"सही करते," बाई म्हणाल्या. "आधी दोन गोष्टी विचारू? भाऊसाहेबांनी दिलेलं पाकीट कुठे आहे?"

"असेल खणात. मी उघडलंही नाही. या तीन दिवसांत कपाटाची गरजच पडली नाही मला."

"म्हणजे कुलपाचा आकडा या तीन दिवसांत कुणी बदलला नाही."

"कोण बदलणार? भाऊसाहेब रजेवर."

"मग कुलूप अजून तीनशे सदुसष्टवरच असायला हवं होतं. मी सूत्राने चाळिसाव्या दिवसाचा आकडा काढला असता, तर तीनशे अठ्ठ्याऐंशी लावून ओढत बसले असते. ते उघडलंच नसतं."

हेडसरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "मग तुम्ही भाऊसाहेबांकडून कळवून घेतलं असेल, तीनशे सदुसष्ट."

"त्यानेही उघडत नाही. आता लावून आलो," भाऊसाहेब म्हणाले.

"कुलूप उघडतं तीनशे अठ्ठ्याहत्तरवर," बाई म्हणाल्या. "सदुसष्टपासून अकरा पुढे. रोज सात वाढवले तर सात होतील, चौदा होतील, एकवीस होतील. अकरा कसे झाले? सकाळपासून मी डोकं फोडतेय. मग फलकावरची तुमची बेरीज बघितली."

त्यांनी तळहात टेबलावर ठेवला.

"पहिला दिवस. तीनशे सदुसष्ट आणि सात, तीनशे चौऱ्याहत्तर. बरोबर. दुसरा दिवस. तीनशे चौऱ्याहत्तर आणि सात. चार आणि सात अकरा, एकावर एक, हातचा एक. तो हातचा विसरला की तीनशे एक्क्याऐंशीच्या जागी होतात तीनशे एकाहत्तर. तिसरा दिवस, काल. एकाहत्तर आणि सात, अठ्ठ्याहत्तर. मागच्यावरून पुढचं काढत गेलं की हे असं होतं. एकदा चुकलं की पुढचं सगळं त्या चुकीवर उभं राहतं."

"चूक कुणाचीही होऊ शकते."

"चूक कागदावर झाली असती तर कुणाचीही म्हणाले असते. ही चूक कुलपात आहे, सर. ज्याने बेरीज चुकवली त्यानेच कुलूप त्या आकड्यावर लावलं. नाहीतर ते तीनशे अठ्ठ्याहत्तरवर उघडलं नसतं. आणि ते एका रात्रीत आलेल्या चोराचं काम नाही. हा माणूस तीन दिवस रोज कपाट उघडत होता, आणि रोज इमानदारीने आकडा बदलत होता. पाकीट एकाच माणसाकडे होतं."

हेडसरांनी पाकिटाच्या खणावर हात ठेवला.

"आणि पांढऱ्या रंगाने तुम्ही फलक रंगवत नव्हता," बाई जरा हळू म्हणाल्या. "फाईल कुठे आहे?"

हेडसर उठले. खुर्चीवर चढले, आणि कपाटावर मांडलेल्या ढालींच्या मागून त्यांनी फाईल काढली. तिच्यावर धुळीचा एक कणही बसलेला नव्हता.

७

पान उघडल्यावर बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गुण त्यांनीच दिलेले होते, गणिताच्या तोंडी परीक्षेचे. नऊ मुलांच्या नावासमोर पांढरा रंग लावून वर नवे आकडे काढले होते. रंगाला भेगा पडल्या होत्या. चौथीतल्या पोरालाही कळलं असतं.

"निकाल शंभर टक्के लागावा म्हणून," हेडसर म्हणाले. "रोज तीन-तीन नावं करत होतो. काल बघितलं तर रंग तडकायला लागलेला. फाईल नाहीशी झाली तर सगळ्या शिक्षकांकडून नवी मागवता येईल, असं वाटलं. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली, फाईल घेऊन मधल्या दाराने केबिनमध्ये आलो. कुलूप तसंच राहिलं."

"आणि माझं नाव?"

"तुम्ही निवृत्त होणार. तुमचं फारसं बिघडणार नाही, असं..."

भाऊसाहेबांनी टाईप केलेला कागद उचलला, चार तुकडे केले आणि केराच्या टोपलीत टाकले. सव्वीस वर्षांत त्यांनी कार्यालयाचा कागद फाडल्याचं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"फाईलमध्ये फेरफार सापडला तर सगळ्या वर्गाचे गुण रद्द होतात, हे तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "एकसष्ट मुलं. तपासणीसाहेब आले की तुम्ही स्वतः सांगायचं. मी शेजारी बसेन. पण बोलायचं तुम्ही."

तपासणीसाहेब दोनला पाच मिनिटं असताना आले. सडपातळ, कमी बोलणारा माणूस. हेडसरांनी शाळेच्या परंपरेपासून सुरुवात केली, मग इमारतीवर आले, मग पाण्याच्या टाकीवर. बाईंचा पाय टेबलाखाली हलायला लागला. शेवटी त्यांनी फाईल उघडून ते पान समोर सरकवलं, आणि हेडसर थांबले.

"हे मी केलंय," ते म्हणाले. "या बाईंचा किंवा आमच्या लिपिकांचा याच्याशी संबंध नाही."

साहेबांनी पान उजेडाकडे धरलं. "कुणाकुणाचे बदललेत? मूळ गुण काय होते?"

बाईंकडे मूळ गुणांची वही होती, त्या ती उघडायला लागल्या. पण हेडसरांनी वहीकडे न पाहता सांगितलं. नऊच्या नऊ. कुणाला सातचे बारा केले, कुणाला नवाचे चौदा. हा सकाळी दूध टाकून शाळेत येतो. त्या दोघी बहिणी एकाच पुस्तकावर अभ्यास करतात. आणि मागच्या बाकावरची चष्मेवाली, तिची तोंडी परीक्षा झाली त्याच्या आदल्या दिवशी आईचं ऑपरेशन होतं, ती रात्रभर दवाखान्यात बसून तशीच शाळेत आली होती.

बाईंनी वही मिटली. ही चष्मेवाली त्यांच्यासमोर उभी राहून एकाही प्रश्नाला नीट बोलली नव्हती, आणि त्यांनी 'घरी पुस्तक उघडतेस का कधी?' असं सगळ्यांसमोर विचारून तिला सहा गुण दिले होते. तिच्या आईचं ऑपरेशन त्यांना माहीत नव्हतं. बेरीज न येणाऱ्या या माणसाला माहीत होतं. त्याचा राग धड पुरा करता येईना, याचाच त्यांना जास्त राग आला.

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "बावन्न मुलांचे गुण शिक्षकांच्या वह्यांशी ताडून आज मान्य करतो. या नऊ जणांची तोंडी परीक्षा उद्या अकराला मी स्वतः घेईन. जे मिळतील ते खरे. तुमच्यावरचा अहवाल वेगळा जाईल, सर. परीक्षेचं काम आजपासून बाईंकडे."

निवृत्तीआधीचे दोन महिने शांतपणे काढायचे, असं बाईंनी घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

शाळा सुटल्यावर त्या दहावीच्या वर्गात गेल्या. नऊ मुलं नऊ वेगवेगळ्या बाकांवर बसली होती, जशी काही शिक्षा झालीय. जाऊ दारापर्यंत आली, "सासूबाईंना उशीर होईल म्हणून सांगते. बसचं कारण नाही सांगत," म्हणाली आणि गेली.

बाईंनी खडू उचलला, फळ्याकडे वळल्या आणि परत फिरल्या. चष्मेवाली मागच्या बाकावर वहीत मान घालून होती. बाई तिच्यापर्यंत चालत गेल्या.

"आई कशी आहे?"

मुलीने दचकून वर पाहिलं. "बरी आहे. घरी आणलं."

"त्या दिवशी मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही चिडला असतात."

"चिडलेच असते," बाई म्हणाल्या. "आत्ताही चिडलेच आहे. दप्तर उचल आणि पुढे येऊन बस."